आज्यांचं साटंलोटं

खानापूर, जि. बेळगाव,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. केतकी हिस,

अनेक आशीर्वाद. सासूने सुनेला लिहिताना पहिल्या ओळीत हेच लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. त्यातून जास्त काही काढू नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. भाताची मळणी चालू आहे. अंगणभर भुसा उडतो आणि दोरीवरचे कपडे अंगाला खाजतात. गोपाळमामाचा गुडघा थंडी पडल्यापासून कुरकुरतो, आणि तो स्वतः गुडघ्याहून जास्त. त्याच्या सुनेला, मधुवंतीला, तालुका कचेरीत कंत्राटी नोकरी लागली आहे. त्यांचा राघवेंद्र आता घरभर धावतो, सगळे त्याला राघू म्हणतात. माझं ब्लडप्रेशर ठीक आहे, साखर ठीक आहे. बाकीचं पुढे.

सोमवारी तुझा फोन आला. "आई, कुपनं गेली खड्ड्यात. तुम्ही परत या. आरोहीला तुम्हीच सांभाळा. कंपनीला लिहून दिलेलं मी परत घेते." एवढं ऐकून मी फोन ठेवला. तू आशिषला म्हणाली असशील, बघ, म्हातारीचा तोरा. तर त्या फोनचं उत्तर हे: मी येणार नाही. का येणार नाही ते कागदावर लिहिते आहे, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तू जेवणाच्या सुट्टीत निम्मं वाचून मला एक अंगठा पाठवला असतास.

पहिल्यापासून ऐक. सगळं तुला ठाऊक आहे असं तुला वाटतं. निम्मंच ठाऊक आहे.

तुझी बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा मी शाळेतून मोकळी झाले होते. शहापूरचं घर दिवसभर रिकामं. आरोही माझ्याजवळ राहणार हे मी धरूनच चालले होते. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती, परसात तिच्यापुरती सावली व्हावी म्हणून गोपाळकडून मांडव घालून घेतला होता. मग तुझ्या कंपनीची ती कुपनं आली. परदेशातल्या मोठ्या कचेरीने उद्यमबागेतल्या तुमच्या कारखान्याला कळवलं, म्हणे, की नोकरी करणाऱ्या आयांना दर महिन्याला कुपनांचं पुस्तक द्या. मूल सांभाळणाऱ्या बाईला आईने कुपन द्यायचं, बाईने सही करून कंपनीत धाडायचं, कंपनी तिच्या खात्यात पैसे टाकणार. चांगली गोष्ट आहे. माझ्या वेळी असं असतं तर मी आशिषला शाळेच्या शिपाईणीकडे सोडून वर्गावर गेले नसते. पण अट अशी की सांभाळणारी बाई नात्यातली नको. आजी तर नकोच. आजी फुकटच करते ना, तिला कशाला द्यायचं!

तुझ्या शेजारच्या टेबलावर कंग्राळीची नीलम. तिचंही दुखणं हेच. घरात सासू मालुबाई, मुलगा ज्योतिबा आपल्या आरोहीच्याच वयाचा, आणि कुपनांचं पुस्तक कोरं. तुम्ही दोघींनी डबा खाता खाता तोडगा काढलात. नीलमचा मुलगा मी सांभाळायचा आणि आरोहीला मालुबाईंनी. मी त्यांच्या नात्यातली नाही, त्या आपल्या नात्यातल्या नाहीत. कंपनीचा नियमही सांभाळला आणि दोन्ही घरांत पैसेही आले. आपल्या भागात साटंलोटं लग्नात करतात, तुमची मुलगी आमच्याकडे आणि आमची तुमच्याकडे. तुम्ही ते आज्यांचं केलंत.

मला विचारलं नाहीस, सांगितलंस. तेही आमटी वाढताना. माझा मुलगा ताटात बघत म्हणाला, "आई, नाहीतर वायाच जाणार ते पैसे." मी वाया चालले होते ते त्याला दिसलं नाही.

मग माझं शिक्षण झालं! तुमच्या कंपनीने आम्हा सांभाळणाऱ्या बायकांना एक दिवस बोलावून खुर्च्यांवर बसवलं आणि एका पोरीने मला प्लास्टिकची बाहुली धरायला दिली. "मॅडम, मानेला आधार द्या." बाहुलीच्या मानेला! मी तीन पिढ्यांची पोरं पहिलीत रडताना कडेवर घेतली आहेत. पलीकडच्या खुर्चीवर मालुबाई होत्या. त्यांनी बाहुली उलटी करून बुडाला हात लावून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाळलेलं हाय गं बाई, लई गुणाचं लेकरू." त्या दिवशी मी हसले नाही. मला त्या बाईचा रागच होता. माझी नात तिच्या घरी जाणार होती.

रोज सकाळी नीलम ज्योतिबाला माझ्या उंबऱ्यात ठेवायची आणि तू आरोहीला घेऊन कंग्राळीच्या रस्त्याला लागायचीस. आरोही तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरून रडायची, आणि तू म्हणायचीस, "सवय होईल." इकडे ज्योतिबा दारातच बसून राहायचा, बोलायला लागला तरी. तेल थापलेलं डोकं, कमरेला करदोटा, गालावर केवढी मोठी तीट. "म्हाजी आऊ कुटं हाय?" आऊ म्हणजे त्याची आजी, मालुबाई. एवढं एकच वाक्य. मी त्याला घास भरवत होते, पण मनातून त्याच्यावर डूख धरून होते, हेही लिहून टाकते. त्या लेकराचा काय दोष? काही नाही. तरी धरला.

आरोही कंग्राळीहून येऊन "म्या न्हाय जेवत" म्हणाली, तेव्हा तू नाक मुरडलंस. मला निमित्त मिळालं. दुसऱ्या दिवशी ज्योतिबाला घेऊन न सांगता कंग्राळी गाठली. काहीतरी वाईट सापडावं म्हणूनच गेले होते. पोरगी उन्हात, नाकाला शेंबूड, बाई शेजारणीशी गप्पा मारत, असं काहीतरी. सापडलं काय, तर मालुबाई सोप्यात पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर आरोही, आणि ताकात कुस्करलेली भाकरी तिच्या तोंडात जात होती. घरी एक घास चार वेळा फिरवावा लागतो ती पोरगी तोंड उघडून बसली होती. ज्योतिबाने मात्र माझा हात सोडून अशी धाव घेतली की पाय अडखळून पडला. आणि रडायच्या आधी "आऊ" म्हणाला.

मालुबाईंनी दोघांना मांडीत घेतलं. म्हणाल्या, "तुमची नात लई ग्वाड हाय बाई. पर निजताना वळून वळून दाराकडं बघती. आमचा कसा करतोय?"

"तोही तसंच करतो," मी म्हटलं.

"मग आपुन ही कुणाची चाकरी करायलोय?"

मी ज्योतिबाला घेऊन परतीची बस धरली. बसमधून उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. फोनवर दोन वाक्यं बोललो आम्ही, जास्त लागली नाहीत.

तर हे तुला नेमकं कधीच कळलं नाही, ते आता वाच. तुम्ही कामावर गेलात की मी ज्योतिबाला घेऊन सीबीटीच्या बसस्टँडवर जायची. मालुबाई आरोहीला घेऊन कंग्राळीच्या बसने यायच्या. बायकांना बस फुकट आहे, आधारकार्ड दाखवलं की झालं. बाकावर आम्ही पोरं बदलायचो. त्या त्यांचा नातू घेऊन घरी, मी माझी नात घेऊन घरी. संध्याकाळी तुम्ही यायच्या आत पुन्हा बाकावर, पुन्हा अदलाबदल. यंदाच्या उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत चाललं हे. कुपनांवर मी ज्योतिबा सांभाळल्याच्या सह्या केल्या. सगळी नोकरी मुलांच्या खोट्या सह्या पकडण्यात गेली, आणि स्वतः मात्र दर महिन्याला बेधडक केल्या. एकदा तू नीलमला म्हणालीस, "तुझ्या सासूबाई कमाल आहेत, आरोहीला वारांची नावं पाठ झाली." मालुबाईंना वाचता येत नाही आणि त्या वार मोजतात ते बाजाराच्या दिवसावरून. तुला त्यात काही खटकलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते ते. परसातल्या मांडवाखाली आरोही माझ्या मांडीवर झोपायची आणि मला वाटायचं, झालं, मिळालं. मला दुसरं काही नको होतं, केतकी. तुझे पैसे नको होते, कंपनीने गळ्यात अडकवायला दिलेलं ते ओळखपत्र नको होतं.

गणपती झाल्यावर तुमच्या कंपनीची तपासणीची बाई दारात उभी राहिली. ज्योतिबाच्या जागी दोन वेण्या घातलेली पोरगी बघून तिने कन्नडमध्ये विचारलं, "यार मगु इदु?" कुणाचं मूल हे. मला खोटं सांगता आलं असतं. शेजारणीची आहे म्हटलं असतं तर ती पाणी पिऊन गेली असती. पण आरोही माझ्या पदराला धरून उभी होती. तिच्यासमोर मी तिला शेजारणीची म्हणू? "नन्न मोम्मगळु," म्हटलं. माझी नात. दुसऱ्यांदा मराठीतही सांगितलं. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

पुढचं तू केलंस. कंपनीने तुला आणि नीलमला जाब विचारला. नीलमने मालुबाईंना विचारून खरं ते सांगितलं आणि ताकीद घेतली. तू लेखी दिलंस की सासूबाईंना वयोमानाने विस्मरण होतं, कोणतं मूल कोणाचं हे त्यांना कळत नाही, त्या बसस्टँडवर जाऊन भलतंच मूल घेऊन येतात, आणि नीलमच्या सासूने त्यांच्या या अवस्थेचा फायदा घेतला. हे मला तू सांगितलं नाहीस, आशिषनेही नाही. मालुबाईंचा फोन आला. "बाई, तुमच्या सुनंनं तुमाला याड लागलंय म्हणून लिवून दिलंय म्हणं. खरं व्हय?" रडत होत्या. त्यांच्यावर आळ आला त्याचं नाही, माझं रडत होत्या.

तुझी नोकरी वाचली. कुपनं चालू राहिली. आरोही कॅमेरे लावलेल्या थंडगार पाळणाघरात गेली. आणि मी शहापूरच्या गल्लीत वेडी ठरले. शेजारच्या जयाबाई दळण आणायला निघाल्या की दारात थांबून हळू आवाजात विचारायच्या, "वहिनी, आज वार कुठला?" मी वार सांगायची आणि वर त्यांच्या पिठाचा हिशोबही सांगायची. आशिषने तर कळसच केला. म्हणाला, "आई, एकदा डॉक्टरला दाखवूया का? कंपनीने मागितलं तर कागद असलेला बरा." तुझं खोटं पक्कं करायला माझ्याच मुलाला माझ्या डोक्याचा दाखला हवा होता. दिवाळीचा फराळ डब्यात भरून झाला आणि मी पिशवी उचलून इकडे माहेरी, गोपाळकडे आले.

आता तू म्हणतेस परत या. पाळणाघरात आरोही जेवत नाही, पोरांना चावते, रात्री दचकते, म्हणून. मला जे पहिल्या दिवशी हवं होतं तेच तू आता देतेस. घर, आरोही आणि दिवसभराचा वेळ. मध्ये कुपन नाही, नियम नाही, कंग्राळीची बस नाही. फोनवर ते ऐकताना माझ्या हातातली वाटी खाली पडली, इतकं मला यायचं होतं.

तुझ्या फोनच्या आधीच्या आठवड्यात घरात कोणी नव्हतं. मधुवंती कचेरीत, गोपाळ मळणीवर, मनुवहिनी नंदगडला बारशाला गेलेली. राघूला माझ्याजवळ ठेवलं होतं. मी त्याला न्हाऊ घातलं, तेल लावलं, तीट लावली, स्वेटर घातला. पाण्याची बाटली पिशवीत टाकली, आधारकार्ड घेतलं आणि बसस्टँडवर जाऊन बसले.

कंग्राळीच्या बसची वाट बघत बसले होते, केतकी. खानापूरच्या स्टँडवर. मी या गावात वाढले. इथून कुठली बस कुठे जाते हे मला झोपेतही सांगता येतं. त्या दुपारी सांगता आलं नसतं. राघूला मी ज्योतिबा म्हणत होते. तो "मी राघू, मी राघू" म्हणून रडत होता आणि मी त्याला दटावत होते की गप बस, तुझी आऊ येईल आता. एका बाईने विचारलं, "कुटं जायचं हाय आक्का?" मी म्हटलं, "जायचं नाही, नातीला घ्यायचंय." मालुबाईंना उशीर झाला म्हणून मी मनातल्या मनात त्यांना बोल लावत होते. ऊन उतरलं तेव्हा गोपाळ धावत आला. त्याच्या पायात चपला नव्हत्या. त्याने राघूला उचललं. मी त्याला विचारलं, "आरोही कुठंय?"

घरी आल्यावर थोड्या वेळाने सगळं जागेवर आलं. कोण राघू, कोण ज्योतिबा, मी कुठे आहे, सगळं. पोरगं उपाशी होतं दिवसभर. मधुवंती कचेरीतून आली. तिने माझ्यासाठी चहा ठेवला. पण आता कचेरीत जाताना ती राघूला शेजारी सोडून जाते, आणि माझ्यासमोरून नेताना त्याचं तोंड पदराने झाकते, ऊन लागतं म्हणून. सकाळी कसलं ऊन?

तू लिहून दिलंस ते खोटं होतं. लिहिताना तुला ते ठाऊक होतं. ते खरं निघालं, हे आता मला ठाऊक आहे. यात तुझा खोटेपणा रतीभर कमी होत नाही. माझं डोकं धड होतं तेव्हा तू मला वेडी म्हणालीस, आणि आता मला तुला तोंडावर खोटारडी म्हणता येत नाही. तेवढाही आनंद तू माझ्यासाठी ठेवला नाहीस. मला भीती वाटते. रात्री नाही, दिवसा वाटते, घरात एखादं मूल रडलं की. याचा राग मी कुणावर काढू? तूच आहेस, म्हणून तुझ्यावर काढते.

तेव्हा आता सांगते तसं कर. माझ्याबद्दल लिहिलेलं परत घेऊ नकोस, राहू दे. पण मालुबाईंनी फायदा घेतला हे वाक्य परत घे. लेखी घे, आणि नीलमसमोर घे. मग त्यांच्या घरी जा, चपला बाहेर काढून आत जा आणि माफी माग. त्या "असू दे गं" म्हणतील. तेवढ्यावर सुटलीस असं समजू नकोस. आरोहीला त्या पाळणाघरातून काढ आणि मालुबाईंकडे ठेव. तुमच्या कंपनीने कुपन दिलं तर दे, नाही दिलं तर स्वतःच्या पगारातून दे. आरोही त्यांच्या हातचं जेवते, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि त्या बाईचं डोकं शाबूत आहे.

गोपाळ मला पुढच्या आठवड्यात बेळगावला डॉक्टरकडे नेणार आहे. आशिषला कळवू नकोस. आई रुसली आहे, एवढंच सांग. रुसलेली आई त्याच्या सवयीची आहे.

रविवारी आरोहीला घेऊन ये. सकाळची लोंढ्याकडे जाणारी गाडी पकड, खानापूर स्टेशनवर गोपाळ येईल. ती माझ्या मांडीवर असेल तेव्हा तू समोर बसायचंस. पाणी प्यायलाही उठायचं नाहीस. मनुवहिनी म्हणेल, जा गं, हातपाय धू, आजीजवळ आहे पोरगी. तरी उठायचं नाहीस. मी स्वतः म्हटलं की जा, तर मुळीच उठायचं नाहीस. म्हणजे दिवसभर मला तुझं तोंड बघावं लागणार आणि तुला माझं. माझी तयारी आहे.

तुझी कोणी नाही,
आरोहीची आजी,
विनोदिनी